दर पावसाळ्यात वाणी घरात शिरतात, वावरात कोवळं पीक खातात: मूळ कुठे आहे आणि काय करायचं

मृगाचा पाऊस जरा जोरात झाला की आमच्या भागात दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. एक घरातली: न्हाणीत, सरपणाजवळ, पाण्याच्या रांजणाखाली वाणी निघतात, झाडून टाकल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हजर. दुसरी वावरातली: "भाऊ, काल पाह्यलं तं तास भरलेला होता, आज पाह्यतो तं अर्धा खाली." तास म्हणजे पिकाची ओळ. दोन्हीकडे असतो तो असंख्य बारीक पायांचा, लांब गोल अंगाचा जीव: कुणी त्याला वाणी म्हणतं, कुणी पैसा म्हणतं, कृषी विभागाच्या पत्रकात मिलीपीड लिहिलेलं असतं. प्राणी एकच, आणि दोन्ही तक्रारींचं मूळही एकच. म्हणून दोन्हींबद्दल इथेच लिहितो.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना पावडरीचं नाव हवं असतं. नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण दरवर्षी तीच पावडर आणि दरवर्षी त्याच वाणी, हे आपण पाहतोच आहोत. वाणी हा जंगलाच्या जमिनीवरचा, पालापाचोळ्यातला जीव. त्याला ओल लागते आणि सडका पाला लागतो. घराच्या भिंतीला लागून आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपणच या दोन्ही गोष्टींची सोय करून ठेवतो. ती सोय मोडली की वाणी कमी होतात. बाकीचे उपाय एका आठवड्याचे.

आधी खात्री करा, वाणीच आहे ना

घरात घोण आणि वाणी यांची गल्लत होते, आणि ती महागात पडू शकते. घोण अंगाने चपटी असते, दिवा लावला की सरसर पळते, तिच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी असते आणि ते पाय बाजूंना पसरलेले दिसतात. तिच्या डोक्याखाली विषारी नख्या असतात. चावली तर जीव कासावीस करणारा ठणका लागतो. वाणी गोल अंगाची, संथ. तिच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि ते पाय अंगाखाली झाकलेले राहतात. हात लागला की वेटोळं घालून पडून राहते. ती डसत नाही, डंख मारत नाही. चालताना नीट निरखून पाहा: सगळे पाय एकदम उचलले जात नाहीत, मागून पुढे हालचाल सरकत जाते, उभ्या गव्हावरून वारा जावा तशी.

वावरातली खात्री जरा जास्त काळजीने करावी लागते, कारण रोप गेलं की प्रत्येक जण पहिलं नाव वाणीचं घेतो. रोप जमिनीलगत सफाईने कापून आडवं पडलं असेल तर बुडाची माती बोटाने उकरा. रोपं कापणारी अळी दिवसा तिथेच गोल होऊन बसलेली सापडते. रोप सुकलं आणि ओढलं की मुळाशिवाय हातात आलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. पानांना भोकं आणि मातीवर, पानांवर वाळलेल्या चिकट रेघा चमकत असतील तर गोगलगाय. 2022 साली लातूर, धाराशिव, बीडकडे तिने सोयाबीन कसं संपवलं ते सगळ्यांनी ऐकलं आहे. वाणीचं काम वेगळं दिसतं. ती उगवता दाणा मातीतच पोखरते, कधी कोंबाची दलं, म्हणजे पहिली जाड पानं, कडेने कुरतडते, कधी कोवळ्या खोडाची साल ओबडधोबड खरवडते. नुकसान धुऱ्याकडच्या तासांत जास्त आणि आत जाताना कमी होत गेलेलं असेल तर वाणीचा संशय आणखी घट्ट करायला हरकत नाही.

सगळ्यात भरवशाची तपासणी मात्र रात्रीचीच. नऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन जा, पायात गमबूट घालून, कारण हेच दिवस सापांचेही असतात. सोयाबीनचा कोंब मान वाकवून माती फोडत असतो आणि त्याला बिलगून वाणी बसलेली दिसते. डोकं खाली, दोन आखूड मिशा सारख्या मातीवर टेकवत, चाचपत. दलाच्या कडेवर तोंड लावलं की ती हलत नाही; उजेड पडला तरी खात राहते. काडीने ढकललं की मग वेटोळं. ते वेटोळं बोटांत धरलं तर अंगाच्या बाजूंनी बारीक थेंब येतात, पिवळट तपकिरी, आणि नाकात जाणारा उग्र वास. बोटावरचा डाग साबणाने लगेच जात नाही.

त्या थेंबांबद्दल इथेच सांगून टाकतो. लांब, गोल अंगाच्या वाणींच्या ग्रंथींत बेंझोक्विनोन नावाच्या जातीची रसायनं असतात; चपट्या अंगाच्या काही जाती तर हायड्रोजन सायनाइड सोडतात. तेवढ्याने माणसाला विषबाधा होत नाही, पण डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. लहान मुलं वेटोळं उचलून खेळतात आणि त्याच हाताने डोळे चोळतात. तसं झालं तर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा आणि आग थांबत नसेल तर दवाखाना गाठा. घरगुती काही घालत बसू नका. व्हेनेझुएलातली काही माकडं पावसाळ्यात मोठ्या वाणी पकडून अंगाला चोळतात, कारण त्या रसायनांनी डास दूर राहतात. मादागास्करच्या लेमूर या प्राण्यांतही वाणी चोळण्याची सवय नोंदली गेली आहे. माणसाच्या कातडीवर मात्र त्याने डाग आणि फोड येऊ शकतात, तेव्हा वाणी हाताने नकोच. चिमटा, काडी किंवा जाड हातमोजा वापरा.

वाणी कशी जगते

वाणीचं कवच टणक असतं, त्यात कॅल्शियम भरलेलं असतं. पण कीटकांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा जो मेणाचा थर असतो तो बहुतेक वाणींना नसतो. श्वासाची छिद्रं पायांच्या मुळाशी असतात आणि कीटकांना जमतं तशी ती घट्ट मिटता येत नाहीत. म्हणजे बाहेरून कितीही मजबूत दिसली तरी तिच्या अंगातलं पाणी सतत उडत असतं. घरात भिंतीच्या कडेला वेटोळं घालून वाळलेल्या वाणी सापडतात, त्या बहुतेक वेळा पावडरीने नाही तर कोरड्या फरशीने मेलेल्या असतात.

तिचं सगळं वागणं या एका अडचणीतून येतं. दिवसा लपायचं, रात्री फिरायचं, पावसाळ्यात वर यायचं, उन्हाळ्यात खोल जायचं. आपली काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत हातभर खोल भेगाळते. वाणीला खाली उतरायला ती आयती वाट. पहिल्या मोठ्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात, पोकळ्यांत पाणी भरतं, आणि खाली असलेल्या सगळ्या वाणी एका-दोन रात्रीत वर येतात. पावसाबरोबर वाणी पडल्या असं म्हणणारे गावोगाव भेटतात. त्या पडलेल्या नसतात, आधीपासून आपल्या पायाखाली असतात.

उष्ण कटिबंधातल्या जंगलात उष्णता, ओल आणि सडका पाला वर्षातला मोठा काळ एकत्र मिळतात. पूर्व आफ्रिकेतली अजस्र वाणी, शास्त्रीय नाव आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गायगस, 33 सेंटिमीटरपर्यंत वाढते, पाय अडीचशेच्या आसपास, आणि ती काही वर्षं जगते. भारताच्या दमट जंगलांतही वितीच्या जवळ जाणाऱ्या जाती आहेत. आपल्या वावरात दिसतात त्या त्यांच्यापुढे लहान, पण घडण तीच. इतके पाय धावण्यासाठी नसतात, मातीत रेटा देण्यासाठी असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेली आणि 2021 मध्ये जाहीर झालेली एक जात जमिनीखाली 60 मीटरवर मिळाली. तिचे पाय 1306. हजाराहून जास्त पाय असलेली माहीत झालेली ती पहिलीच जात. जमिनीच्या पोटात घुसणं हा या कुळाचा स्वभाव आहे. वर धुरळलेली पावडर तिथे कशी पोचणार?

आता तिचं खाणं. ताडोबात किंवा मेळघाटात उन्हाळ्याच्या तोंडी सागाची पानं गळतात, ऐन, धावडा, तेंदू यांची भर पडते, जमीन दिसेनाशी होते. सागाचं पान जाड, खरबरीत. ते आपोआप लवकर माती होत नाही. पावसाने ते भिजतं, बुरशी त्याला मऊ करते, आणि मग वाणी, वाळवी, गांडुळं त्याचे तुकडे पाडतात. वाणीच्या पोटात त्या पाल्यातलं फार थोडं पचतं. बाकी सगळं बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर पडतं, आणि त्या गोळ्यांवर जिवाणू तुटून पडतात. पुष्कळ वाणी आपल्याच गोळ्या पुन्हा खातात, कारण जिवाणूंनी त्यांना आणखी पचण्याजोगं केलेलं असतं. पचतं कमी म्हणून खायचं जास्त. झाडाने पानात घातलेला जीव झाडाला परत मिळतो तो या तोंडांतून. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी तर सह्याद्रीतल्या, अंगाची गोळी करून घेणाऱ्या वाणींकडून कंपोस्ट करून घेण्याचा अभ्यासही केला आहे.

जंगलात ही वाणी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तिथे तिच्यासमोर खायला डोंगर पडलेला असतो. वावरात काय होतं? नांगरटी, वखरपाळ्या झाल्या, काडीकचरा वेचला, धुऱ्यावर नेऊन टाकला. वाणीही धुऱ्यावरच्या त्या ढिगात जमल्या. मग पाऊस आला, पेरणी झाली, आणि पुढे आठ-दहा दिवस उघाड. वरची माती वाळली, ढीग वाळला, आणि भोवतालच्या साऱ्या शिवारात ओलं, मऊ असं एकच काही उरलं: तुमचा कोंब. वाणी त्याच्याकडे जाते ती भुकेपेक्षाही पाण्यासाठी. म्हणून पावसाने खंड दिला त्या वर्षी नुकसान जास्त, आणि पाऊस लागून राहिला त्या वर्षी वाणी भरपूर दिसूनही पीक बचावलेलं, हा अनुभव आमच्याकडच्या पुष्कळांचा आहे.

एवढं कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

घरासाठी

भिंतीपासून सुरुवात करा. भिंतीला टेकवून ठेवलेलं सरपण, तुराट्या, फुटक्या कवेलूंचा ढीग, विटा, जुनं बारदान, कुंड्या, हे सगळं मे महिन्यातच भिंतीपासून निदान दोन-तीन हात दूर न्या आणि शक्य तर दगडांवर उचलून ठेवा. पाटावरून, पत्र्यावरून गळणारं पाणी भिंतीच्या मुळाशी साचत असेल तर चर काढून वाट द्या. सांदवाडीतला (परसातला) पाला झाडून भिंतीला लावायची सवय असेल तर ती सोडा. तो पाला खड्ड्यात गेला पाहिजे. गुरांच्या कोठ्यातला उकिरडा घराला लागून असेल तर घरात वाणी येणारच, कितीही पावडर टाका.

दुसरं काम फटींचं. दाराखालची फट, न्हाणीच्या पाण्याचं भोक, चौकटीशेजारची उकललेली माती. भोकाला बारीक जाळी लावा, दाराखाली जुन्या रबराची पट्टी ठोका, चौकट मातीने किंवा सिमेंटने बुजवा. मातीची घरं असलेल्या आयाबायांनी पावसाआधी पोतेरं फिरवताना भिंतीच्या मुळाशी हात जरा जास्त चालवावा, भेगा राहू देऊ नयेत.

आत आलेल्या वाणीला चिरडू नका. डाग पडतो, वास सुटतो आणि चिरडून काही साधतही नाही. झाडूने सुपलीत घ्या, बादलीत टाका आणि दूरच्या खतखड्ड्यात नेऊन सोडा. तिथे ती खताचंच काम करते. कोरड्या फरशीवर तिचा संसार होत नाही. अंडी ती ओल्या मातीत घालते. म्हणजे घरात दिसते ती बाहेरून आलेली आणि बाहेरची वाट बंद केली की थांबणारी. राखेची किंवा चुन्याची रेघ ओढणारे आहेत. उंबऱ्याच्या आतल्या कोरड्या जागी ओढा, हरकत नाही; बाहेरची रेघ पहिल्याच सरीत वाहून जाते.

धान्याच्या कोठीत, पिठाच्या डब्यात वाणी दिसली म्हणून घाबरून धान्य फेकणारेही पाहिले. कोरडं धान्य तिचं अन्न नाही. ती चुकून आलेली असते. पण कोठीच्या तळाशी ओल लागलेली नाही ना, तेवढं नक्की बघा.

वावरासाठी

खरी लढाई पेरणीच्या आधीची आहे. पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) मुळं, सोयाबीनचं कुटार (भुसा), तणाचे ढीग एप्रिल-मेपर्यंत वावरातून आणि धुऱ्यावरून उचलले गेले पाहिजेत. जाळून नाही. जाळलं तर जमिनीला परत मिळायचं तेही गेलं आणि धुऱ्यावरची बाभूळ, पळस होरपळले ते वेगळं. खड्डा करा, त्यात शेणकाल्याचे थर द्या, कुजू द्या. अर्धवट कुजलेलं शेणखत पेरणीच्या तोंडावर वावरात टाकणं म्हणजे वाणीला पंगतीला बोलावणं; खत पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत असावं आणि आधीच मातीत मिसळलेलं असावं. उन्हाळी नांगरटीने खालचे लपलेले जीव उन्हात येतात, वाळतात, पक्षी वेचतात.

पेरणीची घाई हे दुसरं कारण. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका ही शिफारस दरवर्षी ऐकू येते आणि दरवर्षी पहिल्या सरीवर तिफणी निघतात. पुरेशी ओल असली तर कोंब लवकर वर येतो, दलं उलगडतात, खोड टणक होतं. अर्धवट ओलीत दाणा मातीत रेंगाळतो, आणि मातीत रेंगाळणारा फुगलेला दाणा वाणीला सगळ्यात सोपा. पहिले पंधरा-वीस दिवस निघाले की तिच्या जबड्याला पीक सहसा पुरून उरतं. म्हणजे सगळं रक्षण करायचं आहे ते या पंधरवड्याचं. बी खोलही पेरू नका. सोयाबीन चार-पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं की त्याला वर यायला उगाच जास्त दिवस लागतात.

पेरणी झाली आणि वाणी दिसू लागल्या, आता काय? ढिगांचा सापळा. याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका नेमका उपाय माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांतही तो असतो. संध्याकाळी ओलं गवत, भिजवलेलं कुटार किंवा पळसाची पानं यांचे टोपलीभर ढीग धुऱ्याच्या आतल्या बाजूने ठेवायचे, मग आतल्या तासांत काही. वर पाणी शिंपडायचं; उघाड असेल तर हे शिंपणं चुकवायचं नाही, कारण वाणी ओलीवरच येणार. पिकून गळलेली पपई किंवा सडका आंबा फोडून खाली ठेवला तर आणखी बरं. उजाडताना, ऊन चढायच्या आत, ढीग उचलायचा. खालच्या मातीवर, गवताच्या काड्यांत वाणी गुंतलेल्या असतात. त्या चिमट्याने किंवा खुरप्याने मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. उशीर झाला तर त्या परत मातीत जातात आणि सगळी मेहनत वाया.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. मीठ बादलीत. वावरात मीठ टाकणारे आहेत, ते करू नका. जमिनीचं नुकसान वाणीपेक्षा जास्त काळ टिकतं. रॉकेल मातीत ओतणंही तसंच.

हे काम रोज लागतं, निदान पहिला आठवडा. घरचे सगळे हात लागले तर एकरभराची कड तासाभरात उरकते. शेजारच्या वावराचा धुरा सामाईक असतो, तेव्हा दोघांनी मिळून केलं तर फळ मिळतं. एकाने वेचायचं आणि दुसऱ्याच्या कडेला पऱ्हाटीचा ढीग तसाच, असं असेल तर वाणी अलीकडे येतच राहतात. जंगलकाठच्या वावरांना, टिपेश्वर किंवा ताडोबाच्या भोवतालच्या गावांना, जंगलाकडची बाजू सगळ्यात आधी धरावी लागते.

बीटी सरकी असूनही का खाते?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. 2025 च्या हंगामात बीजी-2 या बीटी सरकीच्या एका पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. एवढं देऊन टोबलेली सरकी सकाळी नसेल तर माणूस काय करेल? पण बीटीचं प्रथिन पतंगवर्गातल्या अळ्यांसाठी, म्हणजे बोंडअळ्यांसाठी आहे. वाणी अळी नाही, कीटकही नाही. तिचं कूळच वेगळं. बियाण्याला कंपनीतून लावून येणारं औषधही मुख्यतः रसशोषक किडींसाठी असतं.

फवारणीचंही तसंच. दिवसा फवारता तेव्हा वाणी मातीखाली असते. रात्री अंगावर औषध पडलं की ती वेटोळं घालते आणि औषध बरंचसं कवचावरच राहतं. तिला मारणारे जीव मात्र त्या फवाऱ्यात आधी जातात. निळसर काळ्या अंगाचा, लाल कडांचा एक शिकारी ढेकूण आपल्याकडे पावसाळ्यात दिसतो. त्याच्या कुळातले ढेकूण वाणीवरच जगतात: सोंड कड्यांच्या सांध्यात खुपसतात आणि कधी कधी चार-पाच पिल्लं मिळून एकच मोठी वाणी संपवतात. तो दिसला तर त्याला जगू द्या.

तरीही फवारायची वेळ आलीच, धुऱ्याकडची तासंच्या तासं जात असतील, तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) विचारून, त्या पिकावर शिफारस असलेलंच औषध, लेबलवरच्याच मात्रेने, संध्याकाळी, आणि फक्त प्रादुर्भावाच्या पट्ट्यात. दुकानदाराने दोन-तीन डबे एकत्र करून दिले तर घेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ती घरं अजून सावरलेली नाहीत. तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड नाही, आणि नंतर साबणाने अंघोळ. कोवळ्या रोपापेक्षा तुम्ही महत्त्वाचे आहात.

एखाद्या वर्षी इतक्या, एखाद्या वर्षी दिसतही नाहीत

वाणीचं आयुष्य एका हंगामाचं नसतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पायांच्या तीनच जोड्या असतात; प्रत्येक कात टाकण्याबरोबर नवी कडी आणि नवे पाय येतात, आणि मोठ्या जातींना वयात यायला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो. जपानच्या मध्य भागातल्या डोंगरांत एका जातीचे थवे इतके येतात की 1920 पासून तिथे आगगाड्या थांबल्याच्या नोंदी आहेत. 2021 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती जात बरोबर आठ वर्षांच्या चक्राने वर येते. आपल्याकडे असं काटेकोर चक्र मी म्हणणार नाही, पण मातीत लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या वाणी एकाच वेळी असतात हे लक्षात ठेवा. यंदा ढीग लावून वेचल्या म्हणून पुढच्या वर्षी शून्य होणार नाहीत. धुरा स्वच्छ राहिला तर दोन-तीन हंगामांत फरक जाणवतो.

तास खाली गेलेच तर

उगवणीनंतर आठवडाभरात वावर तासातासाने फिरून पाहा. कपाशीत तुटलेल्या जागी नांग्या लगेच भरा, म्हणजे रिकाम्या जागी दुसरं रोप लावा. दहा दिवसांच्या पुढे भरलेलं रोप मोठ्या रोपांच्या सावलीत दबून जातं. त्यासाठी टोबणीच्या दिवशीच थोडी सरकी प्लास्टिकच्या लहान पिशव्यांत माती-शेणखत भरून घराशी लावून ठेवा. तीच रोपं पावसाच्या दिवशी पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट लावली की बरोबरीने वाढतात. सोयाबीनमध्ये मधेमधे रोपं गेली असतील तर शेजारची रोपं फांद्या धरून जागा भरून काढतात, तेव्हा एखाद-दुसऱ्या हातभर रिकाम्या जागेसाठी दुबार पेरणीच्या खर्चात पडू नका. सलग पट्टाच गेला असेल तर तेवढाच पट्टा पुन्हा पेरा, ढिगांचा सापळा पेरणीच्याच संध्याकाळी लावा, आणि पट्टा उशिरा जात असेल तर सोयाबीनचा हट्ट न धरता तिथे तूर टाका.